लहान मुले आणि टर्कीची शिकार: अमेरिकेतील एक शिक्षणपद्धती

प्रस्तावना

या पाठाचे शीर्षक भारतातल्या बहुतेक विद्यार्थ्यांना खटकेल आणि ते स्वाभाविक आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने, आणि विशेषतः त्यातील १९९१ च्या दुरुस्तीने, हौसेखातर होणारी शिकार जवळजवळ पूर्णपणे बंद केली. बंदुकीचा परवाना २१ वर्षांखालील व्यक्तीला सर्वसाधारणपणे मिळत नाही. अमेरिकेत मात्र दहा-बारा वर्षांचे मूल, काही राज्यांत त्याहूनही लहान मूल, आईवडिलांच्या किंवा आजोबांच्या शेजारी बसून कायदेशीरपणे रानटी टर्की मारू शकते. त्यासाठी राज्याचा वन्यजीव विभाग हंगामाच्या सुरुवातीला मुलांसाठी वेगळे दिवस राखून ठेवतो आणि त्यांना शिकवण्याचे नियमही आखून देतो.

शिकार योग्य की अयोग्य, हा या पाठाचा मुख्य विषय नाही, जरी शेवटच्या भागात तो टाळता येणार नाही. शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र आणि समाजशास्त्र यांच्या विद्यार्थ्यांसाठी इथे एक वेगळा प्रश्न आहे. ज्या कौशल्यात चूक झाली तर ती दुरुस्त करता येत नाही, असे कौशल्य समाज लहान मुलाला कोणत्या क्रमाने देतो? आणि 'आता हे मूल तयार आहे' हे ठरवतो कोण? कोणतीही टोकाची भूमिका न घेता हे तपासायला टर्कीच्या शिकारीचे उदाहरण फार उपयोगी आहे, कारण या शिकारीत बंदूक चालवण्याचा भाग काही सेकंदांचा असतो आणि बाकीचे सगळे शिकण्यासारखे असते.

पक्षी आणि त्याचा स्वभाव

रानटी टर्की हा मूळचा उत्तर अमेरिकेचा पक्षी. त्याचे शास्त्रीय नाव मेलिअ‍ॅग्रिस गॅलोपाव्हो. कुक्कुटपालनात दिसणारी टर्की ही याच जातीची, मेक्सिकोत फार पूर्वी माणसाळवलेली शाखा आहे. नावाचा गोंधळ मजेदार आहे. इंग्रजांनी त्याला तुर्कस्तानचे नाव दिले, तुर्की भाषेत त्याला 'हिंदी' म्हणतात, आणि फ्रेंच नावातही भारतच दडलेला आहे. प्रत्यक्षात भारतात तो पाहुणा म्हणून आला. १६१२ च्या सुमारास मुकर्रब खानाने जहांगीर बादशहासाठी गोव्याहून ज्या अपूर्व गोष्टी आणल्या, त्यांत एक टर्की होता. दरबारी चित्रकार मन्सूरने काढलेले त्याचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. या पक्ष्याच्या डोक्यामानेचा रंग क्षणाक्षणाला बदलतो, हे जहांगीराने आपल्या आत्मवृत्तात नोंदवून ठेवले आहे. अमेरिकेतल्या शिकाऊ मुलांना नेमकी हीच गोष्ट आधी बघायला शिकवतात: डोके लाल आहे, निळे आहे की पांढरे, यावरून नराची मनःस्थिती कळते.

पूर्ण वाढलेल्या नराचे वजन साधारण ७ ते ११ किलो असते. मादी त्याच्या निम्म्याच्या आसपास. नराच्या छातीवर केसांच्या झुबक्यासारखी दिसणारी 'दाढी' लोंबते. खरे तर ती बदललेल्या पिसांची असते. काही माद्यांनाही दाढी येते, त्यामुळे केवळ दाढीवरून नर ओळखणे नेहमीच बरोबर ठरत नाही. टर्कीची वास घेण्याची क्षमता कमजोर आहे, पण नजर आणि कान विलक्षण तीक्ष्ण आहेत. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे मान किंचित वळवली की त्याला जवळजवळ सगळे भोवताल दिसते, आणि तेही रंगांसह. म्हणून या शिकारीत वाऱ्याची दिशा फारशी बघावी लागत नाही, पण मुलाने नाक खाजवायला हात वर नेला तरी सगळी सकाळ वाया जाऊ शकते.

मुख्य शिकार वसंतात होते आणि ती नरांचीच. एक नर अनेक माद्यांशी जुगतो, मादी जमिनीवर घरटे करून १० ते १२ अंडी घालते आणि सुमारे २८ दिवस एकटीच ती उबवते. काही नर कमी झाले तरी पुढची पिढी टिकते, मादी मेली तर सगळी पिल्लावळ जाते. हा साधा जीवशास्त्रीय हिशेब हंगामाच्या नियमांमागे आहे, आणि मुलाला पहिल्याच दिवशी तो समजावून सांगावा लागतो, कारण 'मारायचे कोणाला नाही' हे त्यातूनच येते.

राज्याला मुले शिकारीत का हवी असतात

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जंगलतोड आणि बाजारात मांस विकण्यासाठी झालेली बेसुमार शिकार यांमुळे टर्की त्याच्या मूळ राज्यांपैकी जवळपास निम्म्या राज्यांतून नाहीसा झाला होता. १९३७ मध्ये पिटमन-रॉबर्टसन कायदा आला. लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसे यांवरच्या कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव विभागांना देण्याची व्यवस्था या कायद्याने केली. या पैशावर आणि परवान्यांच्या शुल्कावर टर्कीचे पुनर्वसन उभे राहिले.

त्यातला एक तपशील आपल्या विषयाला जोडून आहे. सुरुवातीला पिंजऱ्यात वाढवलेली पिल्ले जंगलात सोडून पाहिली. ती जगली नाहीत. मादीमागे हिंडत शत्रू ओळखणे, कुठे लपायचे, कशावर झोपायचे हे त्यांना कोणी शिकवलेच नव्हते. १९५० च्या दशकात तोफेसारख्या यंत्राने जाळे उडवून जंगली कळपच्या कळप पकडता येऊ लागले, आणि ते दुसरीकडे सोडल्यावर मात्र पक्षी तग धरू लागले. आज अलास्का सोडून सर्व राज्यांत टर्की आहे आणि एकूण संख्या साठ लाखांच्या आसपास सांगितली जाते. अलीकडे आग्नेयेकडच्या राज्यांत ती पुन्हा घटते आहे. अलाबामा आणि टेनेसी या राज्यांनी म्हणूनच हंगाम उशिरा सुरू करून माणशी पक्ष्यांची मर्यादा कमी केली.

या व्यवस्थेचा दुसरा परिणाम असा की संवर्धनाचा पैसा शिकाऱ्यांच्या संख्येवर अवलंबून राहिला. केंद्रीय सर्वेक्षणानुसार १६ वर्षांवरील शिकारी १९९१ मध्ये सुमारे १ कोटी ४१ लाख होते, २०१६ मध्ये १ कोटी १५ लाख. देशाची लोकसंख्या या काळात वाढत होती हे लक्षात घेतले तर घट आकड्यांपेक्षा मोठी दिसते. त्यामुळे नवे शिकारी घडवणे हे सरकारी धोरण बनले. नॅशनल वाइल्ड टर्की फेडरेशन ही १९७३ मध्ये स्थापन झालेली संस्था १९८१ पासून मुलांसाठी 'जेक्स' नावाचा कार्यक्रम चालवते. 'जेक' म्हणजे एक वर्षाचा कोवळा नर टर्की. २००४ मध्ये हीच संस्था, बंदूक उद्योगाची एक संघटना आणि शिकाऱ्यांच्या हक्कांसाठी काम करणारी आणखी एक संघटना यांनी मिळून 'फॅमिलीज अफील्ड' ही मोहीम सुरू केली. मुलांच्या शिकारीवरील वयाची बंधने राज्यांनी सैल करावीत, हा तिचा एक उद्देश होता. मुलाला शिकारीला नेणारा बाप बहुधा असा काही विचार करत नसतो. तरीही त्याच्या हातातल्या नियमपुस्तिकेमागे हा हिशेब आहे, हे अभ्यासकाने विसरू नये.

शिकण्याचा क्रम

१९९१ मध्ये जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी शिकाऊपणाचा अभ्यास करून एक कल्पना मांडली: नवशिका आधी कामाच्या कडेकडेने, पण खरोखरच्या कामात, सहभागी होतो आणि हळूहळू मध्याकडे सरकतो. लेव्ह यांचे प्रसिद्ध उदाहरण लायबेरियातल्या शिंप्यांचे आहे. तिथे उमेदवाराला आधी गुंड्या लावणे, दुमड शिवणे अशी शेवटची कामे देतात. कापड बेतणे सर्वांत शेवटी, कारण शिवण उसवता येते, कापलेले कापड जोडता येत नाही. टर्कीच्या शिकारीत बंदुकीची जागा कात्रीची आहे. जाणते मार्गदर्शक ती मुलाच्या हाती सर्वांत शेवटी देतात.

पहिला हंगाम बहुधा बंदुकीविनाच जातो. पाच-सहा वर्षांच्या मुलाला रानात फिरवून खुणा वाचायला शिकवतात. पालापाचोळा उकरून टर्कीने किडे आणि ओकची फळे शोधलेली जागा, धुळीत लोळून केलेले खळगे, झाडाखाली पडलेली पिसे. नराच्या छातीच्या पिसाचे टोक काळे असते, मादीच्या पिसाचे फिकट पिवळसर तपकिरी. नराची विष्ठा इंग्रजी 'जे' अक्षरासारखी वळलेली, मादीची गोलसर गुंडाळीसारखी. लहान मुलांना हा धडा कधी विसरायला होत नाही. संध्याकाळी पक्षी कोणत्या झाडावर झोपायला चढले हे ऐकून ठेवायचे, म्हणजे पहाटे कुठे बसायचे ते ठरते.

यानंतर आवाज. निसर्गात नर ओरडतो आणि मादी त्याच्याकडे जाते. वसंतातला शिकारी हा क्रम उलटा करतो: तो मादीचा आवाज काढून नराला आपल्याकडे बोलावतो. त्यासाठी साधने अनेक आहेत. लाकडी पेटीवर झाकण घासून आवाज काढणारी 'बॉक्स कॉल', पाटीच्या चकतीवर काडी घासायची 'स्लेट कॉल', तोंडात धरायचा पातळ पडदा. बॉक्स कॉलचे एक जुने पेटंट आर्कान्सॉ राज्यातील हेन्री गिब्सन यांच्या नावे १८९७ चे आहे. त्याच्या कितीतरी आधीपासून तिथले मूलनिवासी टर्कीच्याच पंखाच्या हाडातून असा आवाज काढत. आपल्याकडच्या फासेपारध्यांची तित्तिरांचे आवाज काढण्याची ख्याती होतीच. तिथेही मुले हे वडीलधाऱ्यांमागे हिंडून शिकत. पेटी वाजवायला ताकद लागत नाही, म्हणून ती मुलाच्या हाती पहिल्यांदा येते. सात वर्षांच्या मुलीने पेटी घासली आणि समोरच्या डोंगरउतारावरून नराने उत्तर दिले, तर त्या दिवसाची शिकार तिच्या दृष्टीने झालेली असते. मुलाला खऱ्या कामात खरा वाटा मिळतो तो इथे.

पुढची पायरी म्हणजे सोबत बसणे. हंगामात शिकार सूर्योदयाच्या अर्धा तास आधी सुरू करता येते, म्हणजे मुलाला अंधारातच उठवावे लागते. दुपारपर्यंतच परवानगी असलेल्या राज्यांत न्यूयॉर्क येते; तिथला वसंत हंगाम मे महिन्याचा आहे आणि दाढी असलेलाच पक्षी मारता येतो. मोठा माणूस झाडाला पाठ टेकून तासन्‌तास निश्चल बसू शकतो, मूल नाही. म्हणून मुलांसाठी तंबूसारखे घडीचे लपण वापरतात. आत थोडी चुळबुळ चालते, खाऊ खाता येतो, चित्रांचे पुस्तक चाळता येते. बाहेर वीसेक पावलांवर एखादी बनावट मादी उभी करतात, म्हणजे नराची नजर तिच्यावर राहते. मूल कंटाळले, गारठले की उठून घरी जायचे, हा अनुभवी लोकांचा नियम मला सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो. मोठ्यांच्या हौसेसाठी मुलाला बसवून ठेवले तर ते शिकते एकच: इथे पुन्हा यायचे नाही.

बंदुकीचा परिचय या सगळ्यापासून दूर, मैदानावर आणि कागदी लक्ष्यावर होतो. सुरुवात हवेच्या बंदुकीने करतात. चार नियम इतके घोटले जातात की मुले ते झोपेतही म्हणतील: प्रत्येक बंदूक भरलेली आहे असेच समजावे, नळी कधीही अशा दिशेला नसावी जिथे इजा होईल, नेम पक्का होईपर्यंत बोट चापाबाहेर, आणि लक्ष्य काय आहे, त्याच्या मागे काय आहे, हे दिसल्याशिवाय चाप ओढू नये. टर्कीवर छर्‍याची बंदूक वापरतात आणि नेम डोके व मान यांवरच धरतात, कारण दाट पिसांच्या अंगावर छरे लागले तर पक्षी जखमी होऊन निसटतो आणि कुठेतरी हळूहळू मरतो. मोठ्यांसाठीही साधारण ३५ मीटरपलीकडचा बार वर्ज्य मानला जातो. मुलांसाठी पुष्कळ मार्गदर्शक ही सीमा वीस-पंचवीस मीटरवरच आखतात आणि तिथे एक काठी रोवून ठेवतात.

मुलाचे शरीरही विचारात घ्यावे लागते. टर्कीसाठीची भारी काडतुसे खांद्याला जोराचा धक्का देतात. दोन-तीनदा खांदा दुखला की मूल चाप ओढताना डोळे मिटू लागते आणि ती सवय मोडणे कठीण जाते. म्हणून सराव हलक्या काडतुसांवर, आखूड दस्त्याच्या लहान बंदुकीने आणि ती तिपाईवर टेकवून करतात. बहुतेक बंदुकांचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो, एवढा आवाज एकदाच झाला तरी कानाला कायमची इजा होऊ शकते. बंद लपणात तर धोका अधिक. कानावरचे संरक्षण हा भाग मोठी माणसे स्वतःच्या बाबतीत टाळतात, आणि मुले तेच पाहतात.

मग शेवटी प्रत्यक्ष रान. पेनसिल्व्हेनिया राज्याची २००६ पासूनची व्यवस्था इथे नमुना म्हणून पाहता येईल. १२ वर्षांखालच्या मुलासोबत २१ वर्षांवरील परवानाधारक मार्गदर्शक हवा. दोघांत मिळून बंदूक एकच. चालताना ती मार्गदर्शकाकडेच राहते. एका जागी बसल्यावरच मुलाच्या हाती येते, आणि तेव्हाही मूल मार्गदर्शकाच्या हाताच्या अंतरात असले पाहिजे. हात लांब केला की नळी धरता येईल, एवढे ते अंतर. कायद्याची भाषा सहसा रुक्ष असते, पण या नियमात शिकवणाऱ्याच्या जबाबदारीची अगदी मोजता येणारी व्याख्या आहे.

टर्कीच्या शिकारीतला खास धोका वेगळाच आहे. इथे शिकारी पानांच्या रंगाचे कपडे घालून झुडपात लपतो आणि भक्ष्याचाच आवाज काढतो. दुसऱ्या शिकाऱ्याला तो आवाज टर्कीचा वाटणे अगदी शक्य आहे. म्हणून मुलांच्या अंगावर लाल, पांढरा किंवा निळा कपडा, रुमाल, मोजा काहीही चालत नाही, कारण ते नराच्या डोक्याचे रंग आहेत. आपल्या खांद्यांहून रुंद खोडाला पाठ लावून बसायचे. कोणी माणूस दिसला तर हात हलवायचा नाही, मोठ्याने हाक मारायची. आणि ऐकू आलेल्या टर्कीच्या आवाजाकडे सरपटत जायचे नाही, कारण तिकडे माणूस असू शकतो. पेनसिल्व्हेनियात वसंतातली टर्की फक्त आवाजाने बोलावूनच मारता येते, पाठलाग करून नाही.

चाप न ओढण्याची क्षमता

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना 'गो/नो-गो' प्रकारची चाचणी माहीत असेल. पडद्यावर एक खूण आली की बटण दाबायचे, दुसरी आली की दाबायचे नाही. लहान मुले दाबण्यात चुकत नाहीत, थांबण्यात चुकतात. आवेग रोखण्याची ही क्षमता बालपणभर आणि पुढे कुमारवयातही विकसित होत राहते. शिवाय शांत खोलीत जे मूल छान थांबते तेच भावना उसळल्यावर थांबेल असे नाही. भावनारहित आणि भावनाभारित परिस्थितीतले आत्मनियंत्रण यांत संशोधक फरक करतात.

आता टर्कीचा प्रसंग घ्या. तासभर वाट पाहिल्यावर पिसारा फुलवलेला नर तीस पावलांवर येतो. मुलाचे हृदय धडधडते, हात थरथरतात, श्वास ऐकू येऊ लागतो. मोठ्या शिकाऱ्यांनाही हे होते. आणि नेमक्या त्या क्षणी पाहायचे असते की पक्षी सीमेच्या आत आहे का, त्याच्या मागे मादी तर नाही, मान उंच आहे की पिसांत दडलेली. यांपैकी एकाचेही उत्तर प्रतिकूल असेल तर बंदूक खाली. कागदावर दहापैकी दहा नेम मारणारे मूल या परीक्षेत नापास होऊ शकते, आणि नेम साधारण असलेले मूल उत्तीर्ण. म्हणून तयारीचा निकष वय किंवा नेमबाजी यांपेक्षा हा असावा असे मला वाटते: समोर पक्षी असताना हे मूल स्वतःहून 'आत्ता नको' म्हणू शकते का? चांगले मार्गदर्शक हे मुद्दाम घडवून आणतात. ते रिकाम्या बंदुकीने किंवा नुसत्या काठीने नेम धरायला लावतात आणि पक्षी तसाच जाऊ देतात.

दुसरा प्रश्न मृत्यूच्या आकलनाचा. हंगेरीतील मुलांवर केलेले मारिया नॉज यांचे संशोधन १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. पाचाखालची मुले मृत्यूला दूर जाणे किंवा झोप समजतात, असे त्यात आढळले. नंतरच्या अभ्यासांनी ही कल्पना घटकांत विभागली: मेलेले परत येत नाही, त्याच्या शरीराच्या क्रिया थांबतात, आणि प्रत्येक सजीवाला मरण आहे. बहुतेक मुलांना हे घटक साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान उमगू लागतात. याचा अर्थ चार वर्षांच्या मुलाकडून चाप ओढवून घेणे म्हणजे त्याला न समजणारी गोष्ट त्याच्या हातून करवणे होय. उमगण्याचे वय ओलांडले म्हणजे सगळे झाले असेही नाही. पक्षी पडल्यावर पंख बराच वेळ फडफडत राहतात. काही मुले टाळ्या वाजवतात, काही रडतात, पुष्कळ गप्प होतात. त्या गप्प मुलाला पाठीवर थाप मारून फोटोसाठी हसायला लावणे हा माझ्या मते या साऱ्या पद्धतीतला सर्वांत वाईट आणि सर्वांत नेहमीचा प्रकार आहे. पक्ष्याला हात लावू देणे, पिसे बघू देणे, नोंदीची चिठ्ठी त्याच्याकडून भरून घेणे, पक्षी साफ करताना त्याला हवे असेल तर जवळ राहू देणे आणि छरे नीट काढून तो घरी शिजवून खाणे, एवढे पुरते.

वय कोण ठरवते

अमेरिकेत शिकारीचे नियम राज्यांच्या हाती असल्यामुळे उत्तरे पन्नास आहेत. न्यूयॉर्कमध्ये टर्कीसाठी बंदूक हाती घ्यायला १२ वर्षे पूर्ण लागतात आणि तिथला मुलांचा राखीव शनिवार-रविवार १२ ते १५ वयोगटासाठी, हंगामाच्या आधी असतो. विस्कॉन्सिनमध्ये मार्गदर्शकासोबत शिकार करण्याचे किमान वय १० होते. २०१७ मध्ये ते काढून टाकण्यात आले. पहिल्याच वर्षी एक वर्षाखालच्या बाळांच्या नावेही काही परवाने घेतले गेल्याच्या बातम्या आल्या. ते बहुधा आठवण म्हणून घेतले असावेत. पण कायद्यात किमान वय नसले की त्याचा अर्थ काय होऊ शकतो हे त्यातून दिसते.

समर्थकांचे म्हणणे असे की प्रत्येक मूल वेगळे, आणि ते कधी तयार आहे हे आईवडिलांपेक्षा कोणाला चांगले कळणार? वर पाहिलेला निकष मान्य केला तर या युक्तिवादात तथ्य आहे, कारण 'आत्ता नको' म्हणण्याची क्षमता वाढदिवसाला येत नाही. अडचण अशी की त्याच आईवडिलांनाही आवेग असतो: आपल्या मुलाने पहिला पक्षी शेजारच्या मुलाआधी मारावा. आणि नियम करणाऱ्या विभागालाही परवान्यांची संख्या वाढायला हवी असते. निर्णय घेणाऱ्या दोघांचाही कल एकाच बाजूला असताना किमान वयाची रेषा, ती कितीही ढोबळ असली तरी, मुलाच्या बाजूने उभी राहते. म्हणून ती असावी, या मताकडे मी झुकतो.

आक्षेप आणि पुरावे

शिकारीतले अपघात प्रशिक्षणामुळे घटले याबद्दल फारसा वाद नाही. न्यूयॉर्कने १९४९ मध्ये शिकारी-प्रशिक्षण सक्तीचे केले. आज असे प्रशिक्षण सर्व राज्यांत आहे, आणि १९६० च्या दशकाच्या तुलनेत अपघातांचे प्रमाण खूप उतरले आहे. 'मार्गदर्शकासोबत' या सवलतीने मात्र अनेक राज्यांत मुलांना हा अभ्यासक्रम पूर्ण करण्याआधीच शिकार करता येते. सगळा भार त्या एका माणसावर पडतो.

मोठा प्रश्न घरातला आहे. शिकारीसाठी घेतलेली बंदूक हंगाम संपल्यावर घरातच राहते. २०२० पासून अमेरिकेत १ ते १९ या वयोगटातील मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण बंदूक हे आहे. त्यांत खून आणि आत्महत्या यांचा वाटा सर्वाधिक, शिकारीचे अपघात अगदी थोडे. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचा सल्ला असा की घरात बंदूक नसणे सर्वांत सुरक्षित, आणि असेलच तर ती रिकामी, कुलपात आणि काडतुसे वेगळ्या जागी. रानात हाताच्या अंतराचा नियम कसोशीने पाळणारे कुटुंब घरात कपाटाची किल्ली कुठे ठेवते, हा प्रश्न कोणतीही नियमपुस्तिका पुरेसा विचारत नाही.

समर्थक कधीकधी रॉचेस्टर शहरातील मुलग्यांवरच्या १९९० च्या दशकातील अभ्यासाचा हवाला देतात. वडिलांकडून कायदेशीर बंदूक व शिकार शिकलेल्या मुलांत गुन्हेगारीचे प्रमाण बेकायदा बंदूक बाळगणाऱ्यांपेक्षा कितीतरी कमी आढळले. संशोधनपद्धती शिकणाऱ्यांनी इथे थांबून पाहावे: परिणाम बंदुकीचा, शिकारीचा, की आठवड्याची सकाळ मुलासोबत घालवणाऱ्या वडिलांचा? हे तीन घटक त्या आकडेवारीत एकमेकांत गुंतलेले आहेत.

जीव घेणे हा मुलाच्या मजेचा भाग असू नये, हा नैतिक आक्षेप पुराव्यांनी खोडता येत नाही आणि सिद्धही करता येत नाही. त्यावर शिकारी कुटुंबांचे उत्तर ठरलेले असते: दुकानातल्या मांसाचाही जीव कोणीतरी घेतलेलाच असतो, आमच्या मुलाला ते निदान माहीत आहे. शाकाहारी घरात वाढलेल्या विद्यार्थ्याला हे उत्तर अपुरे वाटेल, मांसाहारी घरातल्या विद्यार्थ्याला कदाचित थोडे अस्वस्थ करेल.

स्वाध्याय

१. तुमच्या परिसरातील एखादे धोकादायक कौशल्य निवडा, उदा. नदीत पोहणे, विळीवर चिरणे, ट्रॅक्टर चालवणे, समुद्रात होडी नेणे. ते मुलाला कोणत्या क्रमाने शिकवतात आणि दुरुस्त न होणारी चूक त्या क्रमात कुठे येते, हे दोन मोठ्या माणसांना विचारून लिहा.

२. त्या कौशल्यात 'हाताच्या अंतरात' या नियमासारखा, मोजता येणारा एखादा नियम तुम्हाला घालता येईल का?

३. विस्कॉन्सिनचा २०१७ चा बदल तुम्ही विधिमंडळात असता तर स्वीकारला असता का? उत्तर देताना आईवडील, वन्यजीव विभाग आणि मूल या तिघांचे हितसंबंध वेगवेगळे मांडा.